साखर किती? आणि किती वेळात?



मध्यंतरी कोल्हापूरजवळच्या एका शाळेत 'ऊर्जा' या विषयावर बोलायला गेलो होतो. तास संपता संपता मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. "सर, आमचे आजोबा रोज भाकरीबरोबर गुळाचा खडा खायचे. त्यांना म्हातारपणापर्यंत मधुमेह झाला नाही. वडिलांना मात्र चाळिशीतच झाला. आता घरचे म्हणतात, मी पण जपून राहायला पाहिजे. साखर तर तीच आहे. मग असे का?"

एखाद्या माणसाला आजार का झाला, हे असे दुरून सांगता येत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, इतरही कारणे असतात. परंतु आजोबांच्या पिढीत आणि नातवांच्या पिढीत आहाराचे काय बदलले, हे नक्की सांगता येते. त्या उत्तरात भौतिकशास्त्रातला एक साधा धडा दडलेला आहे. तो असा, की एखादी राशी किती, एवढेच विचारून भागत नाही. ती किती वेळात, हेही विचारावे लागते.

कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडणारे पाणी शेतात मुरते, विहिरी भरते, ऊस पिकवते. त्यातलाच मोठा भाग थोड्या दिवसांत कोसळला, की पंचगंगा पात्राबाहेर येते. २०१९ आणि २०२१ साली आपण ते पाहिले. पाणी तेच, वेग निराळा. आपल्या रक्तातल्या साखरेचेही काहीसे असेच आहे.

रक्तात साखर किती?

एक छोटे गणित करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ९० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. ५ लिटर म्हणजे १०० मिलिलिटरचे ५० भाग. म्हणून एकूण ग्लुकोज झाले ५० × ९० = ४५०० मिलिग्रॅम, म्हणजे साडेचार ग्रॅम. सगळ्या रक्तात मिळून साखर जेमतेम एक चहाचा चमचा!

उपाशीपोटी हेच प्रमाण १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळले आणि फेरतपासणीतही तसेच आले, तर डॉक्टर मधुमेहाचे निदान करतात. त्याच हिशेबाने हे झाले ६.३ ग्रॅम. म्हणजे आरोग्य आणि आजार यांच्यातले अंतर सगळ्या रक्तात मिळून दोन ग्रॅमही नाही. शरीराला केवढा काटेकोर तोल सांभाळावा लागतो, हे यावरून लक्षात येईल.

आता बाजारातल्या गोड शीतपेयाची बाटली घ्या. लेबल वाचलेत तर १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर लिहिलेली आढळेल. २५० मिलिलिटरची बाटली म्हणजे सुमारे २६ ग्रॅम साखर, पाच चमचे. ती आपण दोन मिनिटांत संपवतो. एवढीच साखर उसातून मिळवायची, तर निदान पाव किलो सोललेला ऊस दातांनी सोडवून, करवे चावून, चोथा थुंकून खावा लागेल. त्याला किती वेळ लागतो आणि जबडा किती दुखतो, ते एकदा करून पहा.

राधानगरीचे दरवाजे

ही साखर रक्तात आली, की शरीर काय करते? राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले, की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली, की आपोआप मिटतात. आपल्या शरीरातही अशीच व्यवस्था आहे. स्वादुपिंडातील काही पेशी रक्तातील ग्लुकोजची पातळी सतत जोखत असतात. पातळी वाढली, की त्या इन्सुलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. इन्सुलिनच्या इशाऱ्यावर स्नायू व चरबी यांच्या पेशी ग्लुकोज आत घेऊ लागतात आणि यकृतही त्याचा साठा करू लागते. पातळी उतरली, की इन्सुलिनही कमी होते.

या साठवणीला मर्यादा आहे. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लुकोज 'ग्लायकोजेन' या रूपात राहू शकते. स्नायू काम करतात तेव्हा त्यांच्यातील साठा रिकामा होतो आणि नव्या ग्लुकोजला जागा मिळते. साठे भरलेले असताना आणखी साखर येत राहिली, तर तिच्यातून चरबी तयार होऊ लागते. उसाच्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो. त्याची विल्हेवाट प्रामुख्याने यकृतालाच लावावी लागते. म्हणून गोड पेयांचा मारा होत राहिला, तर यकृतात चरबी साठू लागते.

वर्षानुवर्षे हे चालले, की पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा होतात. गंजलेला दरवाजा उघडायला जसा जास्त जोर लागतो, तसे त्याच कामाला जास्त इन्सुलिन लागते. स्वादुपिंड काही काळ ते पुरवते आणि मग थकते. बहुसंख्य रुग्णांना होणारा मधुमेह, ज्याला 'दुसऱ्या प्रकारचा' म्हणतात, तो असा हळूहळू येतो.

दळणे वेगळे, मोडणे वेगळे

वेगाचा प्रश्न केवळ गोड पदार्थांपुरता नाही. खडेमीठ आणि बारीक मीठ पाण्यात टाकून पहा. बारीक मीठ लवकर विरघळते. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दहापट होते. पाचकरसांचे काम पृष्ठभागावर चालते. म्हणून अखंड, चिवट, चोथायुक्त दाणा हळूहळू पचतो आणि कोंडा काढून बारीक केलेला मैदा झटपट.

याचा अर्थ अन्नावर प्रक्रिया करणे वाईट, असा मात्र नाही. ज्वारी दळणे, दुधाचे दही लावणे, मटकीला मोड आणणे या प्रक्रियाच आहेत आणि त्या उपकारकच आहेत. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली अन्नाची वर्गवारी प्रक्रियेनुसार करण्याची पद्धत सुचवली. आज तिच्यात चार गट आहेत. पहिल्यात धान्ये, भाज्या, फळे, दूध, अंडी. दुसऱ्यात तेल, मीठ, साखर, गूळ यांसारखे स्वयंपाकाचे जिन्नस. तिसऱ्यात पहिल्या दोहोंपासून साध्या रीतीने बनवलेले चीज, खारवलेले पदार्थ वगैरे. आणि चौथ्यात 'अतिप्रक्रियायुक्त' अन्न. या चौथ्या गटात मूळ धान्य मोडून काढलेले स्टार्च, तेले, प्रथिने, साखरेचे पाक असे घटक पुन्हा जुळवलेले असतात आणि त्यांत कृत्रिम स्वाद, रंग व पायसीकारके मिसळलेली असतात. शीतपेये, क्रीमची बिस्किटे, झटपट शेवया, पाकिटातले चटकदार फुगीर पदार्थ हे त्यातलेच.

मक्याच्या फुगीर नळ्या कशा बनतात, हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. यंत्रात ओलसर पीठ मोठ्या दाबाखाली शंभर अंश सेल्सियसच्या वर तापवतात. दाबामुळे त्यातील पाणी उकळत नाही. पीठ छिद्रातून बाहेर पडले, की दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि पीठ फुगून पोकळ होते. तोंडात टाकताच ते विरघळल्यासारखे होते, चावावे लागत नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात आपले पाकीट संपून दुसरे फुटलेले असते!

एक नेटका प्रयोग

ही केवळ कल्पना नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. २० प्रौढ व्यक्तींना चार आठवडे संस्थेतच ठेवले. प्रत्येकाला दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही वेळा पुढ्यात ठेवलेल्या अन्नातील एकूण ऊर्जा, साखर, स्निग्ध पदार्थ, चोथा आणि मीठ यांचे प्रमाण जुळते ठेवले होते. "हवे तेवढे खा," एवढीच सूचना होती.

अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात माणसांनी दररोज सरासरी ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या. ती जेवलीही अधिक भराभर. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोग्रॅमने वाढले आणि साध्या अन्नावर तेवढेच घटले. प्रयोग लहान होता आणि थोड्या दिवसांचा होता. त्यावरून आजारांविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. पण कागदावर घटक सारखे असले, तरी अन्नाची घडण बदलली की आपले खाणे बदलते, हे त्याने स्वच्छ दाखवले.

आपली साठवण लहान

हा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा का आहे, हे पुण्यातील एका संशोधनाने उलगडले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे सरासरी वजन होते सुमारे २.७ किलोग्रॅम, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोग्रॅम. आपली बाळे स्नायूंनी आणि इतर अवयवांनी लहान होती. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला रोड, पण चरबीने स्थूल!

२००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी शेजारी उभे राहून काढलेले आपलेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन दर्शवणारा अंक, म्हणजे बी. एम. आय., दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याला जे दिसत नाही, ते शरीरात असते.

स्नायू कमी म्हणजे ग्लुकोजचे मोठे कोठार लहान. धरणाची साठवण लहान असली, तर तेवढ्याच पावसाने ते लवकर भरून वाहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण होते आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. "मी तर सडपातळ आहे, मला काय होणार?" असे म्हणून आपल्याला चालणार नाही, ते यामुळेच.

त्या मुलाला दिलेले उत्तर

आजोबांचा गूळ औषधी होता, म्हणून ते वाचले, असे मी त्या मुलाला सांगितले नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस आटवून केलेला गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. त्यात थोडी खनिजे अधिक, एवढाच फरक. उसाचा रसही चोथा काढलेला असतो, तोही भराभर प्यायला जातो. आपल्या गुळाचा अभिमान जरूर बाळगावा, पण हिशेबातून त्याला सूट देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार अशी साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत राहिली, तर अधिक चांगले. शीतपेयाची एक लहान बाटली हा कोटा एकटीच संपवते.

आजोबांचा खडा लहान होता. त्याच्यासोबत चावून खायची भाकरी होती, झुणका होता, कांदा होता. मागे सकाळभरची मोट किंवा भांगलण होती, जिने स्नायूंचे कोठार रिकामे केलेले असायचे. वडिलांच्या काळात साखर पेयांतून, बिस्किटांतून न दिसता येऊ लागली आणि अंगमेहनत कमी झाली. पाऊस वाढला आणि धरण आधीच भरलेले!

"मग मी काय करू?" त्याने विचारले. उत्तर महागडे नाही. तहानेला पाणी किंवा ताक प्यावे. मधल्या सुट्टीत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, पेरू किंवा मोडाची उसळ खावी. रोज तासभर घाम येईपर्यंत खेळावे. कुस्तीच्या या गावात स्नायूंचे महत्त्व आणखी काय सांगावे! पाकीट सणावारी फोडायला हरकत नाही. रोजचा डबा मात्र घरचा असावा.

आणि शिक्षकांना एक विनंती. वर्गात हा प्रयोग जरूर करावा. २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि तेवढ्याच वजनाचे फुगीर कुरकुरीत पदार्थ खायला प्रत्येकाला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजावे (शेंगदाणे न सोसणाऱ्यांना फुटाणे द्यावेत) आणि सरासरी काढावी. मग लेबलावरील ऊर्जेला त्या वेळाने भागावे. पाठ्यपुस्तकात 'शक्ती म्हणजे ऊर्जा भागिले काळ' हे सूत्र आहेच. त्याचा इतका जवळचा उपयोग दुसरा सापडणे कठीण.