नाल्याकाठच्या वाटा : सावनेर-खापा परिसराची रानखोरी

नागपूरच्या वायव्येला सुमारे 35 ते 40 किलोमीटरवर, छिंदवाडा आणि बैतूलकडे जाणारे रस्ते जिथे वेगळे होतात तिथे कोलार नदीकाठी सावनेर वसले आहे. तालुक्याचे हे गाव ओळखले जाते ते संत्र्यासाठी, कापसासाठी आणि जमिनीखालच्या कोळशासाठी. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या इथल्या भूमिगत खाणीत 2016 पासून खाण पर्यटनही सुरू झाले. तालुक्याचा उत्तर-ईशान्य भाग मात्र वेगळा आहे. खापा ओलांडून बडेगाव, खुबाळ्याच्या दिशेने निघाले की शेते तुटक होत जातात, सागाची झाडे दाट होतात आणि सातपुड्याच्या दक्षिण उताराच्या टेकड्या सुरू होतात. या टेकड्यांमधली खोरी फार खोल नाहीत; पण पायी हिंडण्यासाठी नागपूर जिल्ह्यातल्या चांगल्या मुलखांत त्यांची गणना करावी लागेल.

या मुलखाचा पाया दोन प्रकारच्या खडकांचा आहे. पश्चिमेकडे दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट पसरला आहे. त्याच्या मातीत कापूस आणि संत्री पिकतात. पूर्वेकडे व ईशान्येकडे त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडलेले दिसतात. शेजारच्या सौंसर गावावरून भूगर्भशास्त्रज्ञांनी या गटाला सौंसर हे नाव दिले. संगमरवर, अभ्रकयुक्त शिस्ट आणि मँगनीजचे थर या गटात सापडतात. खाप्याजवळची गुमगाव खाण याच थरांवर उभी आहे. ती आज मॉइल ही सरकारी कंपनी चालवते. मध्य भारतातल्या मँगनीजचा अभ्यास करणाऱ्या एल. एल. फर्मर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इथल्या एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले आणि ते जगभरच्या भूशास्त्रात रूढ झाले. या जुन्या खडकांवर मातीचा थर पातळ असतो. नांगर चालत नाही म्हणून जंगल टिकले, आणि जंगल टिकले म्हणून वाटाही टिकल्या.

या खोऱ्यांची मुख्य नदी कन्हान. ती छिंदवाड्याच्या डोंगरात उगम पावते, खाप्याजवळून वाहते आणि खाली कामठीच्या वरच्या अंगाला बिना संगमावर पेंच व कोलार नद्यांना सोबत घेऊन वैनगंगेकडे जाते. नागपूर शहराच्या पाणीपुरवठ्यातही तिचा वाटा आहे. टेकड्यांमधून कन्हानकडे उतरणारे नाले पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि मार्च उजाडेपर्यंत डोहांपुरते उरतात. छिंदवाडा रस्त्यापासून आत, नागपूरहून सुमारे 55 किलोमीटरवर असलेला खेकरानाला हा त्यांतला सर्वांत परिचित. धरण बांधून त्याचे पाणी अडवलेले आहे. जलाशयाच्या भोवती सागाने आणि बांबूने झाकलेल्या टेकड्यांचे कडे आहे. पावसाळ्यात नागपूरकर सहलीला येतात ते बहुतेक धरणाच्या भिंतीपर्यंतच. वाटा त्याच्या मागच्या बाजूला सुरू होतात.

या वाटा हौशी भटक्यांसाठी कोणी आखलेल्या नाहीत. प्रत्येक वाटेला तिचे काम आहे आणि त्या कामावरून ती ओळखता येते. गावाबाहेर पडताना लागते ती पांदण. दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपे, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या. शेते संपली की ढोरवाटा सुरू होतात. जनावरे चढ टाळून आडव्या उताराने चालतात, म्हणून ढोरवाट लांबची असली तरी दमवत नाही आणि शेवटी हमखास पाण्यावर नेते. मोहाच्या झाडांकडे जाणाऱ्या पायवाटा अरुंद असतात आणि झाडाखाली येऊन थांबतात. वनविभागाने लाकूडतोडीच्या कूपांसाठी काढलेले रस्ते रुंद आणि सरळ असतात. आगीचा फैलाव रोखण्यासाठी गवत जाळून मोकळ्या केलेल्या जाळरेषा टेकडीच्या धारेवरून जातात. खोऱ्याचा विस्तार तिथूनच नीट दिसतो.

जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग मुख्य, त्याच्या जोडीला ऐन, धावडा, बिजा, हलदू, तेंदू, मोह, सालई आणि पळस. नाल्याच्या काठी अर्जुन आणि जांभळाची झाडे उन्हाळ्यातही हिरवी राहतात. दुरून पाहतानाही नाला कुठून वाहतो ते या हिरव्या रेघेवरून कळते. खडकाळ उतारांवर कुलूचे झाड उभे असते. पाने गळल्यावर त्याचे पांढरे खोड रात्री उठून दिसते, म्हणून त्याला भुताचे झाडही म्हणतात. जून ते सप्टेंबर या काळात हे सारे रान इतके दाटते की वाट वीस पावलांपुढे दिसत नाही. याच काळात विणीसाठी आलेल्या नवरंग पक्ष्याची शीळ झुडपांतून ऐकू येते. डिसेंबर-जानेवारीत सागाची पाने पिवळी पडून झडू लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि निष्पर्ण उतार केशरी होतात. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा चालणे पहाटेपुरतेच शक्य असते.

वाटांवरची वर्दळही ऋतूप्रमाणे बदलते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले टपकतात आणि टोपल्या घेऊन घरेच्या घरे रानात जातात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवय आहे आणि उन्हाळ्यातल्या कित्येक वणव्यांचे मूळ त्यातच असते. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. कोवळी पाने तोडायची, पुडे बांधायचे आणि गावच्या फडीवर मोजून द्यायचे, असे हे काम मेअखेरपर्यंत चालते. 2006 च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजांवर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. गोंड समाजाची वस्ती या पट्ट्यात जुनी आहे. पूर्वेला पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी असलेले कुवारा भिवसेन हे त्यांचे श्रद्धास्थान असून चैत्रात तिथे यात्रा भरते.

या खोऱ्यांच्या ईशान्येला पेंच व्याघ्र प्रकल्प लागतो. महाराष्ट्रातल्या पेंच अरण्याला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि 1999 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. 2010 मध्ये त्याला लागून मानसिंगदेव अभयारण्य जाहीर झाले. खुबाळा आणि सुरेवाणी ही त्याची या बाजूची प्रवेशद्वारे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत पायी हिंडण्यास मुभा नाही; नोंदणी केलेले वाहन आणि वाटाड्या घेऊनच आत जाता येते. हद्दीबाहेरच्या जंगलातही वनरक्षकाला कळवून, परवानगी घेऊनच चालावे लागते. वाघ आणि बिबटे हद्दीची रेषा पाळत नाहीत, आणि मोहाच्या दिवसांत अस्वले पहाटे त्याच झाडांखाली येतात. रोही आणि रानडुकरे शेतांपर्यंत उतरतात, हा इथला रोजचा अनुभव.

खुणा केलेल्या वाटांशी तुलना करायची तर फ्रान्सचे उदाहरण घेता येते; तिथे पायवाटांचे रीतसर जाळे आहे. तिथल्या पहिल्या लांब पल्ल्याच्या वाटेचा आरंभ 1947 मध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात, ऑर्लेआंजवळ झाला. आज दीड लाख किलोमीटरांहून अधिक वाटांवर खुणा रंगवलेल्या आहेत : लांबच्या वाटेवर पांढरा-लाल पट्टा, गावाभोवतीच्या फेरीवर पिवळा. या खुणांची डागडुजी प्रामुख्याने स्वयंसेवक करतात. तिथे दरीतून चालणाऱ्याला नकाशा आणि रंग पुरतो. सावनेरकडच्या रानात खुणा नाहीत. त्यांची जागा वाट ओळखणारा गावकरी घेतो. गुराख्याला कोणता डोह एप्रिलपर्यंत टिकतो ते ठाऊक असते आणि कोणत्या नाल्यात सकाळी उतरू नये तेही. जंगलाचे स्वरूप आणि त्यातली श्वापदे पाहता ही सोबत सोय नसून गरज आहे.

ज्यांना जंगलात शिरायचे नाही त्यांच्यासाठी सोप्या वाटा आहेत. सावनेरजवळच अदासा येथे टेकडीवर शमी विघ्नेश गणपतीचे देऊळ आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. तिथून काही किलोमीटरवर चंद्रभागा नदीकाठी धापेवाडा हे विठोबाचे क्षेत्र आहे. संत कोलबास्वामींमुळे नावारूपाला आलेले हे गाव विदर्भाचे पंढरपूर म्हणून ओळखले जाते आणि आषाढात तिथे दिंड्या पायी येतात. अदासा ते धापेवाडा ही चाल शेतांमधून जाते आणि अर्ध्या दिवसात सहज होते. थोडी चढण हवी असल्यास रामटेकचा गड आणि त्याच्या पायथ्याचा अंबाळा तलाव ही जोडी आहे.

रानवाटांसाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात रपटे पाण्याखाली जातात आणि नाल्यांना अचानक लोंढे येतात. डोंगरात पाऊस पडत असेल तर इथे ऊन असले तरी पात्रात उतरू नये. नागपूरहून सावनेर आणि खाप्यापर्यंत एसटीची सोय आहे. पुढे स्वतःचे वाहन असलेले बरे. आत दुकाने नाहीत, मोबाइलचा संपर्क तुटतो, म्हणून पाणी आणि शिदोरी सोबत घ्यावी. चार-पाच जणांच्या गटाने जावे, काडेपेटी बाळगू नये आणि सूर्य मावळायच्या आत गावात परतावे.