शस्त्रक्रियेचा निकाल कसा लावायचा?

सोलापूर शहराजवळ, दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारी हे गाव आहे. तेथे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि विडी कामगार स्त्रियांची मोठी वसाहतही आहे. समजा, या परिसरातील पन्नाशीच्या एका बाईंवर ‘अंग बाहेर येते’ म्हणून शस्त्रक्रिया झाली. टाके निघाले, बाई घरी गेल्या. शस्त्रक्रिया यशस्वी झाली का? प्रश्न सोपा वाटतो. पण त्याचे उत्तर आपण कोणती मोजपट्टी हाती घेतो यावर अवलंबून असते.

प्रथम आजार समजून घेऊ. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे अवयव ओटीपोटात पुढून मागे असे असतात. खालून स्नायूंची झोळी त्यांना तोलून धरते. वरून व बाजूंनी तंतुमय बंध त्यांना कमरेच्या हाडांशी बांधून ठेवतात. बाळंतपणात हे स्नायू व बंध ताणले जातात, कधी फाटतात. वय वाढते, पाळी जाते, तसे ते आणखी सैल होतात. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वजन उचलण्याची कामे यांमुळे पोटातील दाब वारंवार वाढतो. मग यांपैकी एक किंवा अधिक अवयव योनिमार्गात उतरतात आणि पुढे बाहेरही येतात.

म्हणजे बिघाड पिशवीत नसून तिच्या आधारात असतो. नुसती ‘पिशवी काढली’ की काम संपले असे होत नाही. आधार पुन्हा बांधावा लागतो. तरुण वयात हा आजार जडलेल्या आणि पुढे मूल हवे असलेल्या स्त्रियांसाठी गर्भाशय न काढता ते वर बांधण्याच्या पद्धती मुंबईच्या दोन डॉक्टरांनी बसवल्या. डॉ. भा. नी. पुरंदरे (१९११–१९९०) यांच्या पद्धतीत गर्भाशयमुख पुढच्या बाजूने पोटाच्या भिंतीला बांधतात, डॉ. वि. ना. शिरोडकर (१८९९–१९७१) यांच्या पद्धतीत ते मागे त्रिकास्थीला, म्हणजे कण्याच्या खालच्या हाडाला बांधतात. या शस्त्रक्रिया त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात.

आता निकालाकडे वळू. अवयव किती खाली आले हे सेंटिमीटरमध्ये मोजण्याची एक सर्वमान्य पद्धत १९९६ मध्ये ठरली. योनिमुखाशी असलेली कड हे शून्य. त्याच्या आतली मापे उणे, बाहेरची अधिक. आकडा मिळाला, पण ‘उत्तीर्ण’ कशाला म्हणायचे हा प्रश्न उरलाच.

अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हाच प्रश्न हाती घेतला. ३२२ स्त्रियांवर एकाच प्रकारची शस्त्रक्रिया झाली होती : पोटातून जाऊन योनीचा माथा त्रिकास्थीला बांधण्याची. संशोधकांनी त्याच स्त्रियांचे, दोन वर्षांनंतरचे निकाल यशाच्या १८ वेगवेगळ्या व्याख्या लावून तपासले. सर्वांत कडक व्याख्येने यश आले १९.२ टक्के, सर्वांत सैल व्याख्येने ९७.२ टक्के! उत्तरपत्रिका त्याच, बदलला तो फक्त उत्तीर्णतेचा नियम.

कडक व्याख्या म्हणत होती, सर्व आधार अगदी निर्दोष हवा. पण मुले झालेल्या, कसलाही त्रास नसलेल्या अनेक स्त्रियांतही अवयव थोडे उतरलेले असतात. ‘कडेच्या बाहेर काही येत नाही’ एवढीच अट धरली तर सुमारे ९४ टक्के यश दिसले. ‘काही बाहेर आल्यासारखे वाटत नाही’ असे सांगणाऱ्या स्त्रिया ९२.१ टक्के होत्या. आणि महत्त्वाची गोष्ट ही की स्त्रीचे एकूण बरे वाटणे सर्वांत जास्त जुळले ते या शेवटच्या, तिने स्वतः सांगितलेल्या उत्तराशी. मोजपट्टी हवीच, पण तिच्यासोबत प्रश्नही विचारावा लागतो. कधी अंग आत जाते, पण आधी मुडपलेला मूत्रमार्ग सरळ झाल्याने खोकताना लघवी ठिबकू लागते. सेंटिमीटरच्या आकड्यात हे दिसणार नाही.

मग ९७.२ टक्के हा आकडा कोणता? ‘या आजारासाठी पुन्हा उपचार घ्यावे लागले नाहीत’ अशा स्त्रियांचा. येथेच आपल्याला कुंभारीत परत यावे लागते. हजार विड्यांमागे मजुरी मिळवणाऱ्या बाईला तपासणीला जायचे तर त्या दिवसाचे काम बुडते. सोबत कोणी लागते, शिवाय लाज असतेच. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तेव्हा बाई परत आली नाही याचा अर्थ ती बरी झाली, असा काढता येत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, १०० स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाली. वर्षाने ४० जणी तपासणीला आल्या. ३६ ठीक होत्या. यश ९० टक्के? न आलेल्या ६० जणी सगळ्या ठीक असतील तर यश ९६ टक्के. एकही ठीक नसेल तर ३६ टक्के. खरा आकडा या दोहोंमध्ये कोठेतरी आहे, एवढेच म्हणता येते. शाळेचा दहावीचा निकाल लावताना नववीत गळालेली मुले मोजली जात नाहीत, तसाच हा प्रकार.

काळही महत्त्वाचा. योनिमार्गातून करायच्या दोन शस्त्रक्रियांची तुलना करणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासाचे पाच वर्षांचे निकाल २०१८ मध्ये आले. काटेकोर व्याख्येने अपयश एका पद्धतीत ६१.५ टक्के, दुसरीत ७०.३ टक्के होते. तरीही त्रासाच्या गुणांकनातील सुधारणा बव्हंशी टिकून होती. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

तेव्हा ‘यश इतके टक्के’ असे वाचले की वर्गात चार प्रश्न विचारावेत : यश म्हणजे काय? ते किती काळानंतर मोजले? किती जणी परत आल्या? आणि त्यांना स्वतःला काय वाटते, हे कोणी विचारले का? आपल्या त्या बाईंचा निकालही या चार उत्तरांनंतरच लागेल. त्या परत आल्या नाहीत, तर कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन विचारायला हवे.