पिवळ्याचा हिशेब

खोपटचा एसटी स्टँड. मे महिना, सकाळचे अकरा. फलाटावर गावी निघालेल्यांची बोचकी, कंडक्टरच्या आरोळ्या, डिझेलचा वास. बाहेर रसवंतीवर एमएस्सीची एक मुलगी थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून घेते आहे. "मासळी का ताई?" रिक्षावाला विचारतो. ती हसून मान हलवते.

कॉलेजचा जिना. प्रयोगशाळेत वजनकाट्याजवळचा पंखा बंद. वाऱ्याने आकडा हलतो. घाम मानेवरून ओघळतो. बर्फात कुप्या रोवल्या जातात. त्यांत पांढऱ्या उंदरांच्या पुरस्थ ग्रंथी. चिठ्ठ्यांवर वयं: 21 दिवस, 35, 50. एकविसावा दिवस दूध सुटण्याचा. पन्नाशीला नर वयात आलेला असतो. कपाटाच्या दारावर नैतिकता समितीच्या परवानगीचा कागद आहे. या इवल्याशा ऊतीमागे एक जीव गेलाय, म्हणून एक थेंबही वाया घालवायचा नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

ग्रंथी काचेच्या नळीत घोटली जाते. मग वॉटर बाथ, 37 अंश, 30 मिनिटं. आत आम्ल फॉस्फटेज हे विकर रंगहीन द्रव्यातला फॉस्फेट तोडतंय. बाहेरून काहीच दिसत नाही. कुणी घड्याळ बघतं, कुणी डबा उघडून पोळी खातं.

वेळ भरते. सोडियम हायड्रॉक्साइड पडतं आणि नळ्या पिवळ्या होतात. 21 ची फिकट, 50 ची गडद. बघणारे पुढे वाकतात.

पण ग्रंथी मोठी म्हणून रंग गडद, की तिचं कामच वाढलंय? वाढत्या वयात दोन्ही एकदम घडतं. टेस्टोस्टेरॉनपासून ग्रंथीतलंच दुसरं विकर आणखी प्रभावी संप्रेरक बनवतं, आणि त्याच्या जोरावर ग्रंथी वाढतेही, स्रवूही लागते. ते संप्रेरक पेशीच्या केंद्रकात साठतं, हे 1968 साली उंदराच्या पुरस्थ ग्रंथीतच दिसलं होतं. मला या कामातला हा भागाकार सगळ्यांत मोलाचा वाटतो: पिवळ्याचा आकडा प्रथिनाच्या दर मिलिग्रॅमला किती, ते काढायचं. तोवर डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

"प्रथिनं मोजलीस?" मॅडम दारातूनच विचारतात.

"लावलीत मॅडम."

दुसऱ्या रॅकमध्ये निळा रंग चढतोय. त्यालाही अर्धा तास लागतो. कलरीमीटर एकच, फिल्टर बदलायचा, ब्लँक पुन्हा लावायचा. रांगेत तिचा नंबर चौथा आहे.