मृगाच्या आधी नळाकडे बघा

“नळदुरुस्तीला कसला आलाय हंगाम? गळलं की प्लंबर बोलवायचा.” वर्धा जिल्ह्यात हे घरोघरी ऐकू येतं. इथे थंडीत पाइपातलं पाणी गोठत नाही, हे खरं. पण आपला घातक काळ वेगळा आहे: मे महिन्याचं ऊन आणि त्यावर पडणारा जूनचा पाऊस. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गच्चीवरचा उघडा पीव्हीसी पाइप उन्हाने हळूहळू ठिसूळ होत असतो. जमिनीखाली काळी माती सुकून आक्रसते, भेगाळते आणि पाऊस लागला की फुगते. या ओढाताणीत पाइपाचे जोड सैल होतात. म्हणून भारी जमिनीत पाइप नुसता मातीत पुरू नये, त्याच्या खाली-वर वाळू घालावी. गच्चीवरच्या पाइपाला रंग द्यावा किंवा तो झाकावा.

“गळतंय तर गळू दे, पावसाळ्यात पाण्याला काय तोटा?” सगळ्यांत धोक्याचा समज हाच. वर्धा शहराला धाम नदीचं पाणी पवनार आणि येळाकेळीहून मिळतं. ते शुद्ध होऊन निघालं तरी नळ दिवसभर चालू नसतात. पाणी बंद झालं की पाइपातला दाब उतरतो आणि ज्या चिरेतून सकाळी पाणी बाहेर येत होतं, तिच्यातूनच नालीचं पाणी आत शिरू शकतं. पुढच्या वेळी ते कुणाच्या तरी हंड्यात पडतं. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो असेच पसरतात. नळाला थेट टुल्लू पंप लावणारे हे ओढणं आणखी वाढवतात आणि त्याची शिक्षा शेजारच्या घरालाही होते. मोटर लावायचीच तर आधी पाणी जमिनीतल्या टाक्यात घ्यावं, मग तिथून चढवावं.

गळती शोधायला प्लंबर लागत नाही. नळाला पाणी असताना टाकीच्या तोटीसकट सगळ्या तोट्या बंद करून मीटर फिरतं का, ते बघावं. मीटर नसेल तर रात्री टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करावी आणि सकाळी ती उतरली का, ते पाहावं.

“टाकीतलं पाणी नितळ आहे, म्हणजे चांगलंच आहे.” जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढावा, भिंती घासाव्यात. नंतर १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते. पाणी निदान अर्धा तास तसंच ठेवावं. गाळ तसाच ठेवून पावडर टाकली तर क्लोरीन गाळातच संपतो. ओल लागलेल्या जुन्या पावडरीतही फारसा दम उरत नाही.

“डेंग्यूचा डास नालीत होतो.” नाही, तो घरातल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. विदर्भात कूलर हे त्याचं हक्काचं घर. टबाच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात, त्यामुळे पाणी ओतून कूलर माळ्यावर टाकणं पुरेसं नाही. टब ब्रशने घासलाच पाहिजे.

बोअरच्या जड पाण्याने मुतखडा होतो, अशीही समजूत आहे. त्याचा ठोस पुरावा नाही. उन्हाळ्यात घाम जाऊन पाणी कमी पिणं हे मात्र नक्की कारण आहे. जड पाण्याचे पांढरे थर तोटीवरून व्हिनेगरने निघतात. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू जीवघेणा असतो.

“आमची सेप्टिक टाकी वीस वर्षांत भरलीच नाही,” असं काही जण अभिमानाने सांगतात. मैला तळाशी साचतोच. टाकी कधीच भरत नसेल तर तो शोषखड्ड्यात वाहून जातोय किंवा खालून झिरपतोय आणि जवळच्या विहिरीला त्याचा धोका आहे. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी, तीही पावसाआधी. नंतर काळ्या मातीत गाडी फसते. उपसायला मशीनचीच गाडी बोलवावी. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं २०१३ च्या हाताने मैला सफाईबंदीच्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो.