माल कुणाच्या हातून आला?

27 सप्टेंबर 2025, शनिवार. त्या आठवड्यात पावसानं मराठवाड्याला झोडपून काढलं होतं. सोयाबीन शेतातच काळं पडत होतं. धारूरला लाइट गेलेली, आणि मी रेंज मिळावी म्हणून मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून दिल्लीतला सॅफ्रनआर्टचा लिलाव बघत होतो. वासुदेव गायतोंडे यांचं 1970 सालचं चित्र पुकाऱ्याला आलं. चित्राला नावही नाही. भाव निघाला 67 कोटी 8 लाख. गायतोंडे यांच्या चित्राला इतका भाव याआधी कधीच आला नव्हता.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. लिलावात बोली लावण्याची माझी ऐपत नाही आणि इच्छाही नाही. पण लिलावाची सूचीपुस्तकं मी बारकाईनं वाचतो, कारण आपल्या मोठ्या चित्रकारांची कामं इथल्या मुलांच्या नजरेला पडण्याचा तोच एक रस्ता मला सापडला आहे. चित्र एका घरातून निघून दुसऱ्या घरात जाण्याआधी चार दिवस पडद्यावर उघडं असतं. तेवढ्यात बघून घ्यायचं.

सोमवारी फळ्यावर आकडा मांडला. 67.08 हा हातोडा पडला तेव्हाचा आकडा नव्हेच. हातोडा पडला 55 कोटी 90 लाखांवर. त्यावर लिलावगृहाचे 20 टक्के, म्हणजे 11 कोटी 18 लाख. ते घेणाऱ्यानं भरायचे, जीएसटी वेगळा. मोंढ्यावर बापाबरोबर जाणाऱ्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. आडत, हमाली, तोलाई त्यांच्या कानावर रोजच पडते. 2023 च्या सप्टेंबरात अमृता शेरगिल यांचं चित्र 61 कोटी 80 लाखांना गेलं, तो हिशेबही त्यांनीच सोडवला: साडेएकावन्न कोटी आणि वर वीस टक्के. शेरगिल, रविवर्मा, जामिनी रॉय अशा नऊ चित्रकारांची कामं कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक देशातलंच, तरी एवढा भाव.

मग एका मुलीनं विचारलं, "सर, यातले चित्रकाराला किती?"

गायतोंडे नागपूरला जन्मले, जे. जे. मध्ये शिकले. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवायचे, उतरवायचे. वर्षाला मोजकेच कॅनव्हास. 2001 साली ते गेले. कॉपीराइट कायद्यात 53 अ हे कलम आहे: मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळायला हवा, जास्तीत जास्त 10 टक्के. कागदावर आहे. व्यवहारात उतरलेलं मला तरी दिसत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. मुलीला मी तसंच सांगितलं.

भावाच्या आकड्याइतकंच मी त्याखालचं बारीक अक्षर वाचायला शिकवतो. चित्र आधी कुणाकडे होतं, कधी घेतलं, मग कुणाकडे गेलं, ही नोंद. जनावर घेताना जाणता माणूस आधी विचारतो, कुणाच्या दावणीचं? तसंच हे. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' घ्या. पंढरपूरला जन्मलेल्या या माणसानं ते 1954 साली रंगवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेले डॉक्टर लिऑन व्होलोदार्स्की यांनी ते घेऊन नॉर्वेला नेलं, पुढे ऑस्लोच्या रुग्णालयाकडे सोपवलं. पन्नासेक वर्षं ते तिथंच राहिलं. 19 मार्च 2025 ला न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजमध्ये अंदाज होता 25 ते 35 लाख डॉलरचा. गेलं सुमारे 1 कोटी 38 लाख डॉलरला, म्हणजे 118 कोटी रुपयांच्या आसपास. आलेला पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी.

चित्र सुमारे चौदा फूट लांब, तीन फूट उंच, तेरा चौकटींचं. मोबाइलवर ते बोटभर दिसतं. म्हणून टेप घेतला आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर खडूनं तेवढा आयत आखला. दोन बाकं सरकवावी लागली. मुलं आयताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, एकदा, पुन्हा एकदा.

एका चौकटीत शेतकरी उभा आहे. त्याचा हात चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीत जातो आणि तिथली जमीन तोलून धरतो. ज्या पोराचं दीड एकर सोयाबीन पाण्यात होतं, त्याला मी खडू दिला. त्यानं आधी जमिनीची रेघ काढली. मग हात कुठून यायला हवा, हे बघत तो बराच वेळ भिंतीसमोर थांबला.