फोटो टाकला की अख्खं पान का विस्कटतं? वर्ड आणि लेटेकमागचं साधं गणित समजून घ्या

उद्या प्रोजेक्टचं ब्लॅक बुक जमा करायचंय. ८० पानं तयार आहेत, अनुक्रमणिका झालीये, बाइंडिंगवाल्याशीही बोलणं झालंय. तेवढ्यात गाइड सांगतात, तिसऱ्या प्रकरणात अजून एक फोटो टाका. तुम्ही टाकता आणि सगळं विस्कटतं. तक्ता एका पानावर, त्याचं शीर्षक दुसऱ्या पानावर, मध्ये अर्धं पान कोरं. फोटो माउसने धरून वर ओढायला जावं, तर तो थेट पुढच्या पानावर जाऊन बसतो.

हा त्रास फक्त इंजिनिअरिंगच्या पोरापोरींचा नाही. सोसायटीचा वार्षिक अहवाल, मंडळाची स्मरणिका, शाळेचा अंक असं काहीही कॉम्प्युटरवर तयार करणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलेलं असतं. मग 'वर्डचं हे असंच असतं' म्हणत लोक रात्रभर फोटो इकडून तिकडे ढकलत बसतात.

पण सॉफ्टवेअर मनाला येईल तसं वागत नाही. त्याला प्रत्येक फोटोबद्दल दोन गोष्टी कळाव्या लागतात. एक, फोटो किती मोठा हवाय? दोन, तो कशाला बांधलेला आहे? या दोन्ही गोष्टी आपण सांगितल्या नाहीत तर सॉफ्टवेअर स्वतःच्या नियमाने त्या ठरवतं. ते नियम काय आहेत, तेच बघूया.

फोटोला इंच नसतात, पिक्सेल असतात

मोबाइलवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. म्हणजे आडवे ४००० ठिपके आणि उभे ३०००. तो कागदावर किती इंचांचा दिसेल हे फोटो सांगत नाही, ते तुम्ही ठरवता. तेच ठिपके ४ इंचांत बसवले तर दाट बसतात, २० इंचांत पसरवले तर विरळ होतात.

छपाईसाठी सहसा एका इंचात ३०० पिक्सेल असावेत असं म्हणतात. त्यामुळे हिशोब सोपा आहे. फोटोच्या रुंदीचे पिक्सेल भागिले ३००, म्हणजे तितक्या इंचांपर्यंत फोटो चांगला छापला जाईल. ४००० भागिले ३०० म्हणजे सुमारे १३ इंच. ए-फोर कागदाची रुंदी ८.२७ इंच असते, म्हणजे हा फोटो पानभर मोठा केला तरी चालेल.

आता कुणीतरी ग्रुपवर टाकलेला, तिथून डाउनलोड केलेला ८०० बाय ६०० चा फोटो घ्या. ८०० भागिले ३०० म्हणजे अडीच इंचांच्या थोडं वर. तो ओढून ६ इंच रुंद केला तर एका इंचात जेमतेम १३३ पिक्सेल उरतात. स्क्रीनवर तो ठीक दिसतो, कारण साध्या मॉनिटरवर एका इंचात शंभरेकच पिक्सेल असतात. कागदावर मात्र तो धुरकट येतो आणि आपण प्रिंटरवाल्याला बोल लावतो.

म्हणून छापण्यासाठी फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवलेला फोटो ॲप लहान करून पाठवतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर मूळ फाइल जशीच्या तशी येते.

हा ३०० आकडा आला कुठून?

ऑफसेट छपाईत करडा रंग नसतो. काळी शाई लागते किंवा लागत नाही. मग फोटोतल्या सावल्या कशा छापायच्या? त्यासाठी फोटोचे लहानमोठे ठिपके करतात. मोठे ठिपके असले की तो भाग गडद दिसतो, बारीक असले की फिकट. याला हाफटोन म्हणतात. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला तर हे ठिपके दिसतात.

चांगल्या कागदावरच्या मासिकात एका इंचात या ठिपक्यांच्या सुमारे १५० रांगा असतात. मूळ फोटोत याच्या दुप्पट पिक्सेल असावेत असा छपाईतला जुना ठोकताळा आहे. १५० दुणे ३००. वर्तमानपत्राच्या कागदावर रांगा कमी असतात, त्यामुळे तिथे २०० पिक्सेलही पुरतात. चौकातला फ्लेक्स आपण लांबून बघतो, म्हणून तो याहून कितीतरी कमी पिक्सेलमध्ये चालून जातो.

काही जण सॉफ्टवेअरमध्ये जाऊन रिझोल्युशनच्या चौकटीत फक्त ३०० असं टाइप करतात. त्याने नवीन तपशील तयार होत नाही. एक तर तो आकडा नुसता लेबलासारखा बदलतो, किंवा सॉफ्टवेअर आजूबाजूचे रंग बघून अंदाजाने पिक्सेल भरतं. दोन्हीकडे धुरकट फोटो धुरकटच राहतो.

कोपरा धरा, कड नाही

आकार बदलताना फोटोच्या चारही कोपऱ्यांवर आणि कडांवर बारीक ठिपके दिसतात. कोपऱ्याचा ठिपका ओढला की वर्डमध्ये लांबी-रुंदीचं प्रमाण टिकतं. कडेचा ओढला की फोटो एकाच बाजूने ताणला जातो. बॅनरवरचे काही चेहरे बसक्या मडक्यासारखे का दिसतात, त्याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

सगळ्यात चांगलं म्हणजे माउसने ओढूच नका. फॉरमॅटच्या चौकटीत रुंदीचा आकडा टाका. सगळ्या फोटोंना एकच रुंदी दिली तर डॉक्युमेंट आपोआप नेटकं दिसतं.

एक लपलेली गोष्ट अजून आहे. वर्ड फाइल सेव्ह करताना फोटोतले जास्तीचे पिक्सेल कमी करू शकतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' हा पर्याय असतो. छापायचं डॉक्युमेंट असेल तर फोटो टाकण्याआधीच त्यावर टिक करा.

फोटो अक्षर आहे की फुगा?

आता जागेचा प्रश्न. खरी मारामारी इथेच होते.

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार व्हायचा. चित्र छापायचं तर त्याचा धातूचा ब्लॉक करून लाकडावर बसवत, त्याची उंची खिळ्यांइतकी ठेवत आणि तो खिळ्यांच्या शेजारीच चौकटीत घट्ट आवळत. चित्र म्हणजे त्या चौकटीतला एक मोठा खिळाच.

वर्डमधला 'इन लाइन विथ टेक्स्ट' हा पर्याय असाच चालतो. फोटो म्हणजे ओळीतलं एक भलंमोठं अक्षर. आधी चार शब्द वाढवले तर तो चार शब्द पुढे सरकतो. तो माउसने कुठेही नेता येत नाही, कारण 'क' हे अक्षरही आपण पानावर कुठेही तरंगत ठेवू शकत नाही.

आणि अक्षराचे दोन तुकडे होत नाहीत. पानावर ३ इंच जागा उरली असेल आणि फोटो ४ इंच उंच असेल, तर तो पुढच्या पानावर जाणार आणि मागे ३ इंच कोरी जागा राहणार. वर्ड बिघडलेलं नाही, त्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही. फोटो थोडा लहान करा किंवा पुढचा परिच्छेद त्याच्या आधी घ्या, ती जागा भरेल.

कधीकधी फोटोची फक्त खालची एक पट्टी दिसते. याचं कारणही हेच. मंगलसारख्या फॉन्टमध्ये ओळींतलं अंतर जास्त वाटतं, म्हणून अनेक जण लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' करून ठेवतात. त्यामुळे प्रत्येक ओळीची उंची पक्की होते. फोटोही ओळीतलंच अक्षर, म्हणून त्यालाही तेवढीच उंची मिळते. फोटो असलेल्या ओळीचं अंतर 'सिंगल' केलं की तो पूर्ण दिसतो.

बाकीचे पर्याय, म्हणजे स्क्वेअर, टाइट, टॉप अँड बॉटम वगैरे निवडले की फोटो ओळीतून सुटतो आणि फुग्यासारखा तरंगायला लागतो. मात्र फुग्याला दोरी असते. फोटोवर क्लिक केल्यावर एखाद्या परिच्छेदाच्या शेजारी नांगराचं चिन्ह दिसतं, ती ही दोरी. फोटो पानाला नाही, त्या परिच्छेदाला बांधलेला असतो. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही जातो. परिच्छेद डिलीट केला की फोटोही गायब. 'माझा फोटो आपोआप उडाला' या तक्रारीत बऱ्याचदा कुणीतरी न कळत दोरीच कापलेली असते.

मग वापरायचं काय? लांबलचक अहवाल किंवा प्रबंध असेल तर फोटो ओळीत ठेवा, त्याला स्वतंत्र परिच्छेद द्या आणि मध्यभागी आणा. एक-दोन पानांचं पत्रक किंवा आमंत्रण असेल तर तरंगता फोटो चालतो, कारण तिथे मजकूर पुढेमागे होत नाही.

लेटेक वेगळं काय करतं?

आयआयटी, आयसरसारख्या संस्थांमध्ये प्रबंध लिहिणारे अनेक जण वर्डऐवजी लेटेक वापरतात. त्याचा पाया म्हणजे टेक. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाला १९७७ मध्ये आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघून ती छपाई आवडली नाही, म्हणून त्याने अक्षरजुळणीचं हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्टने त्यावर लेटेक उभं केलं.

लेटेकमध्ये फोटो ओढता येत नाही. तुम्ही लिहून सांगता की रुंदी मजकुराच्या रुंदीच्या ८० टक्के ठेव. उद्या समास बदलले तर फोटोही त्या प्रमाणात बदलतो.

जागेसाठी चार अक्षरं असतात. एच म्हणजे इथेच, टी म्हणजे पानाच्या वर, बी म्हणजे पानाच्या खाली, पी म्हणजे फक्त चित्रांचं वेगळं पान. तुम्ही परवानगी देता, जागा लेटेक शोधतं. फोटो या पानावर मावला नाही तर तो पुढे जातो आणि मागची जागा पुढच्या मजकुराने भरली जाते. कोरं अर्धं पान राहत नाही.

तरीही नवशिक्यांचा संताप होतो, कारण कधीकधी सगळी चित्रं प्रकरणाच्या किंवा थेट डॉक्युमेंटच्या शेवटी जाऊन पडतात. यामागे रांगेचा नियम आहे. मूळ सेटिंगप्रमाणे पानाच्या वरच्या बाजूला चित्रांना जास्तीत जास्त ७० टक्के जागा मिळते. एखादं चित्र त्याहून उंच असेल आणि तुम्ही त्याला फक्त 'इथेच' अशी परवानगी दिली असेल, तर त्याला कुठेच जागा मिळत नाही. ते थांबतं. चित्रांचा क्रम बदलायचा नसतो, म्हणून मागची सगळी चित्रंही थांबतात. टोल नाक्यावर एक ट्रक अडला की मागची लेन तुंबते, तसंच. उपाय म्हणजे चारही अक्षरांची परवानगी द्या किंवा ते पहिलं चित्र थोडं लहान करा.

'खालील फोटोत' असं लिहू नका

फोटो सरकल्याचं एवढं टेन्शन का येतं? कारण मजकुरात आपण 'खालील फोटोत दिसते त्याप्रमाणे' असं लिहिलेलं असतं. फोटो पुढच्या पानावर गेला की वाक्यच खोटं ठरतं.

त्याऐवजी 'आकृती ३ पाहा' असं लिहा. मग आकृती ३ वर असो, खाली असो किंवा पुढच्या पानावर असो, वाचणाऱ्याला ती सापडते. हा आकडा हाताने टाइप करू नका. वर्डमध्ये 'इन्सर्ट कॅप्शन' आणि 'क्रॉस-रेफरन्स' वापरा. मध्ये नवीन फोटो आला तर कंट्रोल-ए आणि मग एफ-नाइन दाबलं की सगळे क्रमांक सुधारतात. लेटेकमध्ये हेच काम लेबल आणि रेफ करतात. फक्त लेबल कॅप्शनच्या नंतर द्या, आधी दिलं तर आकृतीऐवजी विभागाचा क्रमांक छापला जातो.

प्रिंटला देण्याआधी एवढं बघा

- आधी सगळा मजकूर पक्का करा, फोटोंच्या जागा शेवटी जुळवा.
- प्रत्येक फोटोचे पिक्सेल भागिले ३०० करून बघा.
- आलेख आणि लोगो शक्यतो पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये घ्या, ते कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत. स्क्रीनशॉट जेपीजीऐवजी पीएनजीमध्ये ठेवा.
- पीडीएफ करताना 'मिनिमम साइज' नको, 'स्टँडर्ड' निवडा.
- पेनड्राइव्हमधून वर्डची फाइल नाही, पीडीएफ न्या. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसेल तर ओळी बदलतात आणि ओळींना बांधलेले फोटोही सरकतात.
- सगळ्या प्रती काढण्याआधी फोटो असलेलं एक पान छापून बघा.

ब्लॅक बुकच्या आदल्या रात्री ग्रुपवर 'कुणाला वर्ड येतं का रे' असा मेसेज पडला, तर ही लिंक तिथे टाका.