भीती, परीक्षा आणि जखम

भीतीने रक्त गोठते, असे मराठीत म्हणतात. हा वाक्प्रचार अगदीच निराधार नव्हे. मनावर ताण आला असता रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती खरोखरच काहीशी वाढते. परंतु त्याहून नवलाची हालचाल रक्तातील पांढऱ्या पेशींची आहे.

भय आणि क्रोध ह्यांच्या प्रसंगी शरीर झुंजावयास अथवा पळावयास कसे सिद्ध होते, ह्याचे विवेचन अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन ह्यांनी १९१५ साली केले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन स्रवते आणि हृदय धडधडू लागते. त्याच इशाऱ्यासरशी प्लीहेतील व रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या संरक्षक पेशी सुटून प्रवाहात उतरतात. शत्रूशी गाठ पडली तर जखम होणार, जखमेतून जंतू शिरणार. त्याचीच ही पूर्वतयारी.

जर्मन संशोधकांनी हवाई छत्रीने प्रथमच उडी घेणाऱ्या ४५ जणांचे रक्त तपासून १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जमिनीला पाय लागताच 'नैसर्गिक मारक पेशी' पुष्कळ वाढलेल्या आढळल्या. तासाभराने पाहावे तो त्या मूळच्याहूनही कमी! अशा वेळी पेशी नष्टच होतात असे नव्हे. उंदरांवरील प्रयोगांत त्या रक्त सोडून त्वचेसारख्या ठाण्यांकडे जाताना दिसल्या आहेत.

हे झाले घटकाभराच्या तणावाचे. तो दिवसांवर लांबला की चित्र पालटते, कारण कॉर्टिसॉल हा दुसरा स्राव दाह आवरून धरतो. दाह म्हणजे निव्वळ उपद्रव, ही समजूत चुकीची आहे. ठेच लागलेले बोट श्रोत्यांनी आठवावे: ते लाल होते, सुजते, ठणकते; तेथे दुरुस्तीच चालू झालेली असते.

१९९८ साली प्रसिद्ध झालेला ओहायो येथील प्रयोग ह्या दृष्टीने बोलका आहे. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांनी आपल्या टाळूला साडेतीन मिलिमीटरची जखम करून घेतली. एकदा उन्हाळी सुटीत, एकदा महत्त्वाच्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणसे तीच, जखम तेवढीच. परंतु परीक्षेच्या वेळची जखम भरून येण्यास सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के, अधिक लागले. दाहाचा पहिला निरोप पोहोचविणाऱ्या इंटरल्यूकिन द्रव्याच्या निर्मितीची चिन्हेही त्या दिवसांत घटली होती. अकरा जणांत अपवाद एकही निघाला नाही.